राखीव प्रतींचे स्वयंचलन आणि खातरजमेचा प्रश्न

शासकीय कारभाराचा पाया नोंदींवर उभा असतो. शेतकऱ्याचा सातबारा, ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ, जन्म-मृत्यूची नोंद, शाळेचे जनरल रजिस्टर या नोंदी जोवर सुरक्षित आहेत, तोवरच सामान्य नागरिकाला आपला हक्क सिद्ध करता येतो. पूर्वी या नोंदी दप्तरखान्यात बासनात बांधून ठेवल्या जात. आज त्यांपैकी मोठा भाग संगणकावर आला आहे. कागदाला वाळवीचे आणि ओलीचे भय असे. संगणकातील नोंदींना डिस्क बिघडण्याचे, चुकीने पुसले जाण्याचे आणि कोणीतरी दुष्ट हेतूने त्या कुलूपबंद करून खंडणी मागण्याचे भय असते. या सर्वांवर खात्रीचा उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे मूळ नोंदींची राखीव प्रत, अर्थात बॅकअप.

राखीव प्रती घेण्याचे काम बहुधा रात्री, कार्यालय बंद असताना चालते. दररोज रात्री कर्मचाऱ्याने यंत्रापुढे बसून एकेक आज्ञा देणे व्यवहार्य नसल्यामुळे, क्रमाने द्यावयाच्या आज्ञांची यादी एकदा लिहून ठेवली जाते आणि ठराविक वेळी संगणक ती आपोआप अमलात आणतो. या यादीला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. तथापि, या यादीतील काही आज्ञा अशा असतात की, त्या पार पाडण्यापूर्वी यंत्र थांबते आणि विचारते, ‘हे काम खरोखर करावयाचे आहे काय? होय की नाही?’ दिवसा या प्रश्नाचे उत्तर द्यायला माणूस असतो. रात्री दोन वाजता त्याचे उत्तर कोणी द्यावे, हा वरवर किरकोळ वाटणारा परंतु प्रत्यक्षात अत्यंत महत्त्वाचा मुद्दा आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

प्रश्न कोठे आणि का उपस्थित होतो

राखीव प्रतींचे प्रशासन म्हणजे केवळ प्रती काढणे नव्हे. प्रती साठत जातात आणि जागा भरत जाते. त्यामुळे मुदत संपलेल्या प्रती काढून टाकणे, भरलेल्या चुंबकीय फिती रिकाम्या करून पुन्हा वापरात आणणे, बंद झालेल्या संगणकाच्या प्रती वगळणे, प्रसंगी जुनी प्रत मूळ जागी परत आणणे ही कामेही त्यातच मोडतात. नवी प्रत घेताना यंत्र सहसा काही विचारत नाही, कारण त्यामुळे काही नष्ट होत नाही. जेथे काही पुसले जाणार, एखाद्या फाइलवर दुसरी फाइल लिहिली जाणार किंवा सेवा खंडित होणार, तेथेच खातरजमेचा प्रश्न येतो.

मोठ्या संस्थांत वापरल्या जाणाऱ्या एका प्रणालीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. आयबीएम कंपनीने १९९३ साली ‘एडीएसएम’ या नावाने आणलेली राखीव प्रतींची प्रणाली १९९९ पासून ‘टिवोली स्टोरेज मॅनेजर’, २०१५ पासून ‘स्पेक्ट्रम प्रोटेक्ट’ आणि २०२३ पासून ‘स्टोरेज प्रोटेक्ट’ या नावाने ओळखली जाते. या प्रणालीत एखादी फीत वगळण्याची आज्ञा साधेपणाने दिली, तर तीवर माहिती नाही याची खात्री झाल्यावरच ती वगळली जाते. माहितीसकट फीत वगळावयाची असल्यास तसे आज्ञेत वेगळे नमूद करावे लागते. त्यानंतरही यंत्र इशारा देते की, या आज्ञेमुळे फितीवरील माहितीचे सर्व संदर्भ पुसले जातील आणि ती माहिती पुन्हा मिळवता येणार नाही. मग ते होय की नाही असे विचारते.

ओरॅकल या माहितीसाठा-प्रणालीच्या ‘आरमॅन’ या साधनातही अशीच व्यवस्था आहे. यंत्रापुढे बसून जुन्या प्रती काढण्याची आज्ञा दिली असता ते प्रथम काढावयाच्या प्रतींची यादी दाखवते आणि मगच संमती मागते. या दोन्ही उदाहरणांत प्रश्नाचा हेतू एकच आहे. जे कृत्य मागे घेता येत नाही, त्याची जबाबदारी यंत्र स्वतःकडे न घेता माणसाकडे सोपवते. खातरजमेचा प्रश्न म्हणजे एका परीने सक्षम अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीसाठी सादर केलेली टिपणीच होय.

उत्तर देणारा कोणीच नसेल तर

स्वयंचलित कामाच्या वेळी असा प्रश्न उपस्थित झाला की पुढील तीनपैकी एक गोष्ट घडते. पहिली शक्यता अशी की, काम जागच्या जागी थांबते. ते अयशस्वी झालेले नसते, त्यामुळे चुकीची सूचनाही निघत नाही. ते फक्त उत्तराची वाट पाहत राहते. फीत चालवणारे यंत्र अडकून पडते, दुसऱ्या रात्रीचे काम त्यावर येऊन आदळते आणि अनेक दिवस नवी प्रत निघालेली नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरी शक्यता अशी की, प्रश्न विचारणाऱ्या साधनाला उत्तराच्या जागी काहीच मिळत नाही आणि ते ‘नाही’ असे समजून किंवा चूक नोंदवून बाहेर पडते. युनिक्स व लिनक्स प्रणालींत ठराविक वेळी कामे सुरू करणाऱ्या ‘क्रॉन’ या सेवेमार्फत चालणाऱ्या कामाला कळफलक जोडलेला नसतो. म्हणून तेथे हा प्रकार नेहमी आढळतो. काम झाले नाही, परंतु हानीही झाली नाही, एवढे समाधान यात असते.

तिसरी शक्यता सर्वांत घातक आहे. काही आज्ञा माणसाने हाताने दिल्यास प्रश्न विचारतात, परंतु स्क्रिप्टमधून दिल्यास विचारीत नाहीत. विंडोज प्रणालीतील ‘कॉपी’ ही नित्याची आज्ञा याचे ठळक उदाहरण आहे. ती हाताने दिली तर जुन्या फाइलवर नवी लिहू काय, असे विचारते; तीच आज्ञा बॅच फाइलमधून दिली की न विचारता जुनी फाइल झाकून टाकते. कर्मचाऱ्याने दिवसा करून पाहिलेली चाचणी आणि रात्री प्रत्यक्ष घडणारे काम या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हा यातील धडा आहे.

उत्तर देण्याचे तीन मार्ग

काम अडू नये म्हणून तंत्रज्ञ सामान्यतः तीन मार्ग अवलंबतात. त्यांचे गुणदोष समजून घेणे आवश्यक आहे.

पहिला मार्ग म्हणजे सरसकट होकार. युनिक्स परिवारातील प्रणालींत ‘येस’ नावाची एक लहानशी आज्ञा आहे. तिचे काम एवढेच की, थांबवेपर्यंत ‘होय’चे अक्षर पुन्हापुन्हा पुरवीत राहणे. तिचा प्रवाह दुसऱ्या आज्ञेला जोडला की येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला होकार मिळतो. सोय मोठी आहे. परंतु ज्या प्रश्नाची अपेक्षा होती त्याला जसा होकार मिळतो, तसाच ज्याची कल्पनाही नव्हती त्यालाही मिळतो. ‘जुनी प्रत काढू काय?’ या प्रश्नासाठी ठेवलेला होकार ‘डिस्कवर चुका आढळल्या आहेत, तरी पुढे जाऊ काय?’ या प्रश्नालाही जातो. कोऱ्या कागदावर आगाऊ स्वाक्षरी करून ठेवण्यासारखेच हे आहे. महत्त्वाच्या नोंदींच्या बाबतीत हा मार्ग टाळावा हेच इष्ट.

दुसरा मार्ग म्हणजे प्रश्न वाचून उत्तर देणारा मध्यस्थ. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील डॉन लिब्स यांनी १९९० साली ‘एक्स्पेक्ट’ हे साधन जगापुढे ठेवले. अमुक शब्द पडद्यावर आले तर अमुक उत्तर द्यावे, असे त्याला लिहून देता येते. अपेक्षित प्रश्नालाच उत्तर मिळते, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे. मर्यादा अशी की, प्रणालीची नवी आवृत्ती आली आणि प्रश्नाची शब्दरचना बदलली, तर मध्यस्थाला तो ओळखता येत नाही. म्हणून अशा मध्यस्थाला वाट पाहण्याची कालमर्यादा घालून द्यावी आणि अनोळखी प्रश्न आल्यास काम थांबवून सूचना पाठवावी, असा दंडक ठेवावा. न समजलेल्या प्रश्नाला होकार देण्याची मुभा त्याला कधीही असू नये.

तिसरा मार्ग म्हणजे प्रणालीनेच दिलेला, प्रश्न न विचारण्याचा पर्याय. वर उल्लेखिलेल्या आयबीएमच्या प्रणालीत प्रशासकाच्या आज्ञा देण्याचे साधन ‘नोकन्फर्म’ या पर्यायासह सुरू करता येते. आरमॅनमध्ये त्यासाठी ‘नोप्रॉम्प्ट’ हा शब्द आहे. निर्मात्याने स्वतः पुरविलेला असल्यामुळे हा मार्ग तिन्हींत अधिक भरवशाचा आहे. परंतु त्याची व्याप्ती नीट जाणून घ्यावी लागते. आरमॅनमधील शब्द ज्या एका आज्ञेत लिहिला तिच्यापुरताच लागू होतो; आयबीएमच्या साधनातील पर्याय मात्र त्या संपूर्ण बैठकीला, म्हणजे तीत दिल्या जाणाऱ्या सर्व आज्ञांना लागू होतो. म्हणून जी एक आज्ञा विनाप्रश्न चालवावयाची आहे तिच्यासाठी स्वतंत्र बैठक उघडावी आणि बाकीची कामे नेहमीच्या पद्धतीने करावीत.

येथे आणखी एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा. प्रश्न न विचारणे आणि तक्रार न करणे या भिन्न गोष्टी आहेत. लिनक्समधील फाइल पुसण्याच्या ‘आरएम’ या आज्ञेला सक्तीचा पर्याय जोडला, तर ती प्रश्न तर विचारीत नाहीच. शिवाय सांगितलेली फाइल अस्तित्वात नसली तरी चूक दाखवीत नाही. नावात एका अक्षराची चूक झाली आणि पुसावयाची प्रत पुसलीच गेली नाही, तरी सर्व काही सुरळीत झाल्याचा भास होतो. प्रश्न बंद करताना तक्रारही बंद होणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते.

दूरच्या सर्व्हरची ओळख

राखीव प्रत दूरच्या ठिकाणी पाठविताना एक निराळाच प्रश्न येतो. सुरक्षित जोडणीसाठी सर्वत्र वापरले जाणारे ‘एसएसएच’ हे साधन पहिल्यांदाच एखाद्या सर्व्हरशी जोडले जाताना त्या सर्व्हरची ओळखखूण दाखवते आणि जोडणी चालू ठेवावी काय, असे विचारते. स्क्रिप्ट अडते म्हणून ही तपासणीच बंद करण्याची प्रथा अनेक ठिकाणी पडलेली दिसते. ती योग्य नाही. हा प्रश्न काही पुसण्याविषयी नसून समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे काय, याविषयी असतो. तपासणी बंद केली की नागरिकांच्या नोंदी भलत्याच यंत्राच्या हाती पडण्याचा मार्ग मोकळा होतो.

यावरील उपाय सोपा आहे. सर्व्हरची ओळखखूण विश्वासू मार्गाने आधीच मिळवून ती ज्ञात सर्व्हरच्या यादीत नोंदवून ठेवावी. म्हणजे प्रश्न उद्भवतच नाही. त्याच्या जोडीला एसएसएचमध्ये ‘बॅचमोड’ नावाची व्यवस्था वापरावी. ती चालू असता हे साधन पासवर्ड विचारीत नाही, खातरजमाही विचारीत नाही; अडचण आल्यास सरळ अयशस्वी होऊन बाहेर पडते. माणूस नसताना ‘विचारू नकोस, आणि शंका आली तर थांब’ ही शिस्त सर्व स्वयंचलित कामांना आदर्श ठरावी अशी आहे.

गिटलॅबचा अनुभव

या विषयाचे गांभीर्य पटण्यासाठी ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेत घडलेली घटना अभ्यासण्याजोगी आहे. जगभरातील संगणक-तंत्रज्ञ आपल्या आज्ञावली या सेवेत ठेवतात. त्या घटनेचा संपूर्ण तपशील संस्थेने स्वतःच प्रसिद्ध केला, ही गोष्ट तिच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते.

त्या रात्री मुख्य माहितीसाठ्याची दुय्यम प्रत मागे पडली होती आणि एक अभियंता ती नव्याने तयार करीत होता. प्रत काढणारे साधन मुख्य सर्व्हरकडून माहिती येण्याची वाट पाहत होते. परंतु आपण वाट पाहत आहोत, असा एकही शब्द ते पडद्यावर दाखवीत नव्हते. साधन अडले आहे, कदाचित आधीच्या प्रयत्नात उरलेल्या फाइलींमुळे अडले असावे, असे समजून अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरील जुनी निर्देशिका पुसण्याची आज्ञा दिली. ही आज्ञा खातरजमा न मागणारी होती. दुर्दैवाने ती दुय्यम सर्व्हरवर नव्हे, तर मुख्य सर्व्हरवर दिली गेली. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानात येऊन ती थांबविण्यात आली. तेवढ्यात सुमारे ३०० जीबी माहितीपैकी केवळ साडेचार जीबीच्या आसपास शिल्लक राहिली होती.

पुढचा भाग अधिक विचार करावयास लावणारा आहे. दररोज घेतली जाणारी राखीव प्रत जेथे असावयास हवी होती, तेथे काहीच नव्हते. प्रत काढणाऱ्या साधनाची आवृत्ती आणि माहितीसाठ्याची आवृत्ती जुळत नसल्यामुळे ते काम अयशस्वी होत होते. अपयशाची सूचना देणारी टपाल-पत्रे निघत होती, परंतु ती पाठविणाऱ्याची ओळख नियमानुसार सिद्ध होत नसल्याने ती नाकारली जात होती. अखेर सुमारे सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत उपयोगी पडली. तरीही त्या सहा तासांतील सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवीन वापरकर्त्यांच्या नोंदी गमवाव्या लागल्या.

या घटनेत एका व्यक्तीला दोष देऊन भागत नाही. एक साधन बोलावयास हवे तेथे गप्प राहिले, दुसरे विचारावयास हवे तेथे न विचारता पुढे गेले, आणि तिसऱ्याची तक्रार कोणापर्यंत पोचलीच नाही. यंत्र आणि माणूस यांच्यातील संवाद तीन ठिकाणी तुटला होता.

निर्णय आधी, आज्ञा नंतर

मग खातरजमेचे प्रश्न बंद करावेत की चालू ठेवावेत? शासकीय कार्यालयातील अभिलेख नाशाची रूढ पद्धत याचे उत्तर देते. कागदपत्रांची वर्गवारी केली जाते. ‘अ’ वर्गातील कागद कायम जपले जातात, तर इतर वर्गांना ठराविक मुदत असते. मुदत संपलेल्या कागदांची यादी तयार होते, सक्षम अधिकारी ती तपासून मान्यता देतात आणि त्यानंतरच कागद नष्ट केले जातात. राज्यात सार्वजनिक अभिलेखांच्या जतनासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा कायदाच आहे. प्रत्यक्ष नाश करणाऱ्या शिपायाला प्रत्येक कागदागणिक ‘हा फाडू काय?’ असे विचारावे लागत नाही, कारण त्या प्रश्नाचे उत्तर यादीवरील स्वाक्षरीने आधीच दिलेले असते.

स्वयंचलित कामाचेही तसेच आहे. खातरजमेचा प्रश्न नाहीसा करावयाचा नसतो. त्याचे उत्तर आधी, विचारपूर्वक आणि लेखी द्यावयाचे असते. ज्या अटींवर माणसाने होकार दिला असता, त्या अटी स्क्रिप्टने स्वतः तपासाव्यात आणि त्या पूर्ण झाल्या तरच विनाप्रश्न आज्ञा द्यावी. त्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

प्रथम, काय पुसले जाणार याची यादी आधी काढावी. बहुतेक चांगल्या साधनांत अशी सोय असते. आरमॅनमध्ये अनावश्यक झालेल्या प्रतींचा अहवाल स्वतंत्रपणे मागविता येतो. विंडोजच्या पॉवरशेलमधील अनेक आज्ञांना ‘व्हॉटइफ’ हा पर्याय असून तो काम न करता काय घडेल तेवढेच सांगतो. फाइलींची प्रत काढणाऱ्या ‘आरसिंक’ या साधनात कोरडी तालीम घेण्याची व्यवस्था आहे. ही यादी नोंदवहीत जतन करावी.

दुसरे, अटी तपासाव्यात. अलीकडची प्रत खरोखर अस्तित्वात आहे काय आणि ती वाचता येते काय? आज्ञा योग्य सर्व्हरवरच चालत आहे काय? ज्या निर्देशिकेचे नाव वापरावयाचे, ती जागा चुकून रिकामी तर राहिली नाही ना? रिकाम्या नावामुळे एका उपनिर्देशिकेऐवजी संपूर्ण डिस्क पुसली जाण्याचा धोका असतो. म्हणून न भरलेले नाव आढळताच स्क्रिप्ट थांबेल, अशी व्यवस्था करावी.

तिसरे, संख्येची मर्यादा घालावी. रोज दहा-बारा प्रती निघत असतील आणि एके रात्री यादीत तीनशे प्रती आल्या, तर नियमानुसार त्या पात्र असल्या तरी काहीतरी बिघडले आहे असे मानावे आणि निर्णय सकाळी माणसाकडे सोपवावा. आरसिंकमध्ये एका वेळी जास्तीत जास्त किती फाइली पुसाव्यात, याची मर्यादा घालता येते.

चौथे, अधिकार मर्यादित ठेवावेत. स्वयंचलित कामासाठी स्वतंत्र खाते असावे आणि त्याला आवश्यक तेवढेच अधिकार असावेत. सर्वाधिकारी प्रशासकाचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये उघडा लिहिणे ही गंभीर चूक होय. शक्य असेल तेथे दुसऱ्या स्वाक्षरीची व्यवस्था करावी. आयबीएमच्या उपर्युक्त प्रणालीच्या अलीकडील आवृत्त्यांत काही धोक्याच्या आज्ञा दुसऱ्या, मान्यता देणाऱ्या प्रशासकाची संमती मिळेपर्यंत रोखून धरण्याची सोय आहे. कोषागारात देयकावर दोन नजरा फिरतात, त्यातलाच हा प्रकार आहे.

पाचवे, परिणामाची नोंद व्हावी. प्रत्येक आज्ञा संपताना ती यशस्वी झाली की नाही, याचा एक अंक मागे ठेवते. तो तपासल्याशिवाय पुढील पायरीवर जाऊ नये. संपूर्ण कामाला कालमर्यादा असावी. सकाळी येणारा अहवाल केवळ अपयशाचा नसावा. काम यशस्वी झाले तरी तो यावा. म्हणजे अहवाल न येणे हीच धोक्याची घंटा ठरते. गिटलॅबच्या बाबतीत हीच घंटा वाजली नाही.

लहान कार्यालये आणि शाळा

हे सारे मोठ्या माहिती केंद्रांसाठी आहे, असा समज होणे शक्य आहे. प्रत्यक्षात लहान कार्यालयात धोका अधिक असतो, कारण तेथे एकच संगणक, एकच बाह्य डिस्क आणि ती जोडणारी एकच व्यक्ती असते. विंडोजमध्ये ‘रोबोकॉपी’ हे साधन विनामूल्य उपलब्ध असून पुष्कळ ठिकाणी त्याचा आरसा-पर्याय वापरला जातो. या पर्यायात मूळ फोल्डर आणि राखीव फोल्डर तंतोतंत सारखे केले जातात. मूळ फोल्डरमध्ये जे नाही, ते राखीव फोल्डरमधूनही पुसले जाते, आणि त्यासाठी कोणताही प्रश्न विचारला जात नाही. कोणी दुपारी चुकून विद्यार्थ्यांच्या नोंदींचा फोल्डर रिकामा केला, तर रात्री राखीव प्रतही तितक्याच इमानेइतबारे रिकामी होते. आरसा माणसाच्या चुकाही दाखवतो.

म्हणून लहान कार्यालयांनी दर दिवसाची किंवा दर आठवड्याची प्रत तारखेच्या नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि जुने फोल्डर महिन्यातून एकदा, दिवसा, यादी पाहून हाताने काढावेत. जेथे पुसण्याचे काम थोडे आहे, तेथे ते स्वयंचलित करण्याची गरजच नाही. माहितीच्या एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा सर्वमान्य नियम येथेही पाळता येतो. एक डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात कुलपात ठेवली, तर चुकीची आज्ञा किंवा खंडणीखोर आज्ञावली तिच्यापर्यंत पोचू शकत नाही.

अधिकाऱ्यांनी विचारावयाचे प्रश्न

कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक किंवा सरपंच यांना संगणकाच्या आज्ञा पाठ असण्याची आवश्यकता नाही. परंतु काम पाहणाऱ्या तंत्रज्ञाला किंवा पुरवठादाराला त्यांनी काही प्रश्न अवश्य विचारावेत. रात्रीच्या कामात काही पुसले जाते काय, आणि ते कोणत्या लेखी नियमाने? यंत्राने विचारलेल्या प्रश्नाला आपोआप होकार दिला जातो काय, आणि तो एका विशिष्ट प्रश्नापुरता की सरसकट? अनपेक्षित प्रश्न आला तर काम थांबते की पुढे जाते? सकाळचा अहवाल कोणाकडे येतो, आणि तो आला नाही तर कोण चौकशी करतो? शेवटचा आणि सर्वांत मोलाचा प्रश्न असा की, राखीव प्रतीतून एखादी नोंद परत आणून पाहण्याची चाचणी यापूर्वी केव्हा झाली? जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबणे म्हणजे न मोजलेल्या शिलकेवर खर्च करणे होय.

या प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून घेऊन ती कार्यालयाच्या संचिकेत ठेवावीत आणि कर्मचारी बदलून गेल्यावर नव्या कर्मचाऱ्याला कार्यभारासोबत द्यावीत. स्क्रिप्ट लिहिणारा निघून जातो. त्याने दिलेला होकार मात्र वर्षानुवर्षे दर रात्री दिला जात राहतो.

संगणकाने माणसाचे श्रम वाचविले आहेत आणि पुढेही तो ते वाचवीत राहील. परंतु श्रम यंत्राकडे सोपविता येतात, जबाबदारी सोपविता येत नाही. ‘होय की नाही’ या तीन शब्दांच्या प्रश्नामागे एखाद्या शेतकऱ्याची जमीन, एखाद्या विद्यार्थिनीचा दाखला, एखाद्या वृद्धाचे निवृत्तिवेतन उभे असते. त्या प्रश्नाचे उत्तर रात्रीच्या अंधारात आपोआप दिले जात असले, तरी ते दिवसाउजेडी विचार करून दिलेले असावे, एवढी खबरदारी प्रत्येक कार्यालयाने घेतली, तर लोकांच्या नोंदी खऱ्या अर्थाने सुरक्षित राहतील.